सोलापूरच्या नावाचं कुंकू

"आबा, आपलं सोलापूर कुठं दिसंना की यात."

२०२४ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. नातू आठवीत जायचा होता. सुट्टी संपत आलेली, पावसाचा पत्ता नाही, आणि मी अंगणात बाज टाकून वर्तमानपत्रानं वारा घेत पडलो होतो. त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या दुसऱ्या मोसमातल्या संघांची यादी होती. पुणे, नाशिक, कोल्हापूर, रत्नागिरी, छत्रपती संभाजीनगर, रायगड. मोजून सहा. मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. आदल्या वर्षी ‘सोलापूर रॉयल्स’ नावाचा संघ होता. आता ‘रायगड रॉयल्स’ होता. ‘रॉयल्स’ तेवढं जागच्या जागी होतं.

"मग आता आपण कुणाकडनं?" त्यानं विचारलं.

बँकेत चौतीस वर्षं काढली. खातं बुडालं तर काय करायचं, कर्जदार गाव सोडून गेला तर कुणाला धरायचं, याची उत्तरं तोंडपाठ होती. या प्रश्नाला मात्र उत्तर सुचेना. "बघतो," म्हणालो. त्या बघण्यातूनच हा लेख निघाला आहे.

आमचं केम हे करमाळा तालुक्यातलं गाव. पुणे-सोलापूर लोहमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या मधलं स्टेशन. बाहेरच्या माणसाला आमची ओळख दोन गोष्टींनी असते, एक उत्तरेश्वराचं देऊळ आणि दुसरं कुंकू. इथले कुंकवाचे कारखाने जुने. माल पोत्यांतून देवस्थानांच्या बाजारात जातो, तिथं पुड्या बांधल्या जातात आणि माणूस घरी येऊन सांगतो, "पंढरपूरचं कुंकू आणलंय." त्या पुडीत केम असतं, पण पुडीवर नसतं. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. माल आपला आणि नाव दुसऱ्याचं, ही सवय गावाला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. सोलापूरच्या संघाबाबत नेमकं उलटं झालं. नाव आपलं होतं, बाकी काहीच आपलं नव्हतं.

पहिला मोसम २०२३ च्या जूनमध्ये झाला. सहा संघांसाठी बोली लागली. पुण्याच्या नावाला सर्वांत मोठी, १४ कोटी ८० लाखांची. सोलापूर त्याच्या कितीतरी खाली होतं, पण यादीत होतं! आमच्या पोरांना तेवढं पुरलं. कुणी पांढऱ्या बनियनच्या पाठीवर मार्करनं ‘सोलापूर’ लिहिलं. एकानं ‘ला’ला काना द्यायचा तो ‘पू’ला दिला आणि महिनाभर तसाच हिंडला. तोवर ही मंडळी मुंबईची किंवा चेन्नईची होती, म्हणजे ज्या शहरांत त्यांनी पाऊल टाकलेलं नाही त्यांची. आता जिल्ह्याच्या गावाचा संघ झाला होता. सकाळच्या गाडीनं सोलापूरला जायचं, पार्क मैदानावर सामना बघायचा, रात्रीच्या गाडीनं परत यायचं, असा बेत ठरला. डबे कोण नेणार इथपर्यंत ठरलं.

मग वेळापत्रक आलं. सगळेच्या सगळे सामने गहुंजे इथं.

गहुंजे म्हणजे पुण्याच्याही पलीकडे, मुंबईच्या वाटेवर मावळात. आमच्यापासून सोलापूर शंभर किलोमीटरच्या आसपास. गहुंजे त्याच्या दुप्पट म्हणायला हरकत नाही. तिथं रात्रीचा सामना बघून आठवीतला पोरगा घरी कसा येणार? संघटनेची अडचण मला कळते. सहा गावांत प्रकाशझोत लावायचे, खेळपट्ट्या करायच्या, कॅमेरे फिरवायचे, हा पहिल्याच वर्षी न परवडणारा खर्च आहे. पण मग त्या नावांचा अर्थ काय उरतो? आमच्याकडे बाई नवऱ्याच्या नावाचं कुंकू लावते असं म्हणतात. या संघानं सोलापूरच्या नावाचं कुंकू लावलं, पण नांदायला म्हणून एक दिवस आला नाही.

आणखी एक गंमत त्याच मोसमात झाली. अर्शिन कुलकर्णी हा सोलापूरचा पोरगा, तेव्हा अठरा वर्षांचा. तो होता नाशिकच्या संघात. पुण्याविरुद्ध त्यानं ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या, तेरा षटकार मारले. आमच्या ओसरीवर त्या रात्री टाळ्या कुणाला वाजवायच्या यावरून वाद झाला. मी पोरांना सांगितलं की खेळाडू पोटामागे जातो, त्यात गैर काही नाही. त्याच वर्षाअखेर लखनौच्या संघानं त्याला लिलावात वीस लाखांना घेतलं. आपल्याच जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातली किरण नवगिरे नागालँडकडून खेळली, तिथून भारतीय संघात गेली. खेळाडूंनी फिरावं, फिरायलाच हवं. पण ते फिरतात म्हणून संघानं तरी एका जागी असावं. दोघेही फिरस्ते झाले तर बघणाऱ्यानं बघावं कुठं?

संघ कोणत्या शहराला द्यायचा, हे ठरतं कसं? वाचकांना वाटत असेल की शहराची लोकसंख्या, मैदान, तिथली खेळाची आवड असं काही तोललं जात असेल. मलाही नोकरीत असताना तसंच वाटायचं. मग २०१० साली आयपीएलमध्ये दोन नवे संघ घ्यायचं ठरलं, आणि मी बँकवाल्याच्या नजरेनं त्या अटी वाचल्या. पहिल्या निविदेत बोली लावणाऱ्याची मालमत्ता शंभर कोटी डॉलर हवी आणि दहा कोटी डॉलरची बँक गॅरंटी हवी, असं होतं. अटी जाचक ठरल्या, ती निविदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात रद्द झाली. २१ मार्चला चेन्नईत पुन्हा लिलाव झाला. पुण्याच्या संघाचे ३७ कोटी डॉलर आले, त्या वेळचे १७०२ कोटी रुपये. कोचीचे ३३ कोटी ३३ लाख डॉलर. यादीत नागपूर होतं, अहमदाबाद होतं, इतर शहरं होती. पण शहरं कागदावर एका रकान्यात होती, आणि आकडा दुसऱ्या रकान्यात. निवड दुसऱ्या रकान्यावरून झाली. म्हणजे शहर निवडलं जातच नाही. मालक निवडला जातो आणि तो येताना शहराचं नाव घेऊन येतो.

बँक गॅरंटी म्हणजे काय, ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं नाट्य त्या कागदावर घडलं. एखादा ठेकेदार सरकारी काम घेतो. सरकार म्हणतं, तू पळून गेलास तर? मग ठेकेदार बँकेकडे येतो, काही रक्कम ठेव म्हणून ठेवतो, काही तारण देतो आणि बँक सरकारला लिहून देते: मागणी येताच, कोणतीही हरकत न घेता, एवढे पैसे आम्ही देऊ. ‘हरकत न घेता’ हे शब्द फार महत्त्वाचे. माझ्या एका शाखेत असा कागद वटवायला आला होता. ठेकेदार समोर हात जोडून उभा, "साहेब, दोन दिवस थांबवा." थांबवता येत नाही. त्या कागदाला कान नसतात.

कोचीचा संघ एक मोसम खेळला आणि सप्टेंबर २०११ मध्ये मंडळानं त्याचा करार मोडला, कारण गॅरंटी दिली नाही. पुढच्या वर्षी हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सवर तीच वेळ आली. आणि पुणे? पुणे वॉरियर्सचा पहिला मोसम, २०११ चा, पुण्यात झालाच नाही. मैदान तयार नव्हतं, म्हणून घरचे सामने नवी मुंबईत. २०१२ च्या एप्रिलमध्ये गहुंजेचं मैदान उघडलं, त्यावर मालकाचं नाव लागलं. २०१३ च्या मे महिन्यात थकलेल्या शुल्कापोटी मंडळानं गॅरंटी वटवली, मालकानं संघ सोडत असल्याचं जाहीर केलं, ऑक्टोबरात करार संपला. मैदानावरचं नावही उतरलं. सतराशे कोटींचा संघ तीन मोसमांत आटोपला.

या सगळ्या हिशेबात मालकानं गॅरंटी दिली, मंडळानं ती वटवली, बँकेनं पैसे मोजले. पुणे शहरानं काय दिलं? नाव दिलं. काय मिळालं? काही नाही. कुणी विचारलं? तेही नाही.

कर्जाच्या कामात जामीनदार नावाचा एक बापडा असतो. कर्ज दुसऱ्याचं, सही याची. हप्ते थकले की पहिली नोटीस घरी जाते ती याच्या, आणि बायको विचारते, "कुणाला विचारून सही केलीत?" माझ्या पहिल्या कादंबरीतला नायक असाच जामीनदार होता, ती फारशी खपली नाही, ते असो. पण त्याची निदान सही तरी घेतात. शहर हा असा जामीनदार आहे की त्याच्या अब्रूवर सगळा व्यवहार उभा राहतो आणि कागदावर त्याच्या अंगठ्यालासुद्धा जागा ठेवलेली नसते.

पुण्याला दुसऱ्यांदा संघ मिळाला तो डिसेंबर २०१५ मध्ये, आणि तोही दोन वर्षांच्या करारानं. जुन्या दोन संघांवर बंदी आली होती, त्यांची जागा भरायची होती. पुणे आणि राजकोट निवडली गेली. या पुण्याच्या संघाशी माझं एक वेगळंच नातं जुळलं, ते पाण्यामुळं.

२०१६ चा उन्हाळा करमाळ्याकडची माणसं विसरणार नाहीत. विहिरी कोरड्या, जनावरं छावणीला. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाणी सुमारे पाच लाख लिटर. ती गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशी लातूरला जायची. कुर्डुवाडी म्हणजे आमचं शेजारचं जंक्शन. रेल्वेतून पाणी जातंय हे बघायला माणसं फलाटावर उभी राहायची. त्याच आठवड्यात, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. मैदानाच्या हिरवळीला पाणी आणि माणसाला नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे होता. पुण्याच्या संघानं उरलेल्या मोसमासाठी घर केलं विशाखापट्टणम. निकाल मला तेव्हा योग्य वाटला, आजही वाटतो. पण एक गोष्ट खटकली. घर बदलायला त्या संघाला फारसं काही वाटल्याचं दिसलं नाही. बिऱ्हाडकरू जसा एका चाळीतून दुसऱ्या चाळीत जातो, तसं झालं. पुढच्या वर्षी तोच संघ अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेनं हरला, आणि मग करार संपून गेला. २०२१ च्या ऑक्टोबरात पुन्हा दोन नवे संघ आले. लखनौ ७०९० कोटींना, अहमदाबाद ५६२५ कोटींना. त्या वेळी शहरांच्या यादीत पुण्याचं नावच नव्हतं.

याच रुळांवरची दुसरी गाडी मात्र मला वेगळं सांगून गेली. २०१८ साली कावेरीच्या आंदोलनामुळं चेन्नईच्या संघाला आपले घरचे सामने पुण्याला हलवावे लागले. तेव्हा चेन्नईहून समर्थकांची एक खास रेल्वे १९ एप्रिलला पुण्याला निघाली. पिवळे सदरे घातलेली सुमारे हजारभर माणसं, हजाराहून जास्त किलोमीटरचा प्रवास. चेन्नई-पुणे गाड्यांची वाट केमवरून आहे. रात्रीतून केव्हातरी ती गाडी आमच्या स्टेशनावरून न थांबता धडधडत गेली असणार. आम्ही झोपलो होतो. चेन्नईचा संघ घराबाहेर पडला तर घर त्याच्यामागे गाडीत बसून आलं. पुण्याचे दोन संघ बुडाले तेव्हा असं कुणी कुठं गेलं नाही. त्यात पुणेकरांचा दोष नाही. दहा वर्षं एका ठिकाणी नांदलेल्या संघामागे माणसं जातात. दोन वर्षांच्या भाडेकरूमागे कशाला जातील?

अमेरिकेत तर हा जुना दुखणाईत विषय आहे. सिएटलमध्ये १९६७ पासून सुपरसॉनिक्स नावाचा बास्केटबॉलचा संघ होता. १९७९ मध्ये अजिंक्य ठरलेला. शहराशी नव्या प्रेक्षागृहावरून मालकाचं बिनसलं आणि २००८ मध्ये, एक्केचाळीस वर्षांनी, संघ उचलून ओक्लाहोमा सिटीला नेला. त्या गावाची निवड मात्र मला पटते. २००५ साली न्यू ऑर्लिन्सला कॅटरिना वादळानं झोडपलं, तेव्हा तिथला संघ दोन मोसम ओक्लाहोमात पाहुणा होता. परक्याचा संघ, पण लोक गर्दी करून आले. गाव असं पारखलं गेलं. शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये नव्या प्रेक्षागृहाला किमान नव्वद कोटी डॉलर द्यायचे का, यावर त्या शहरात मतदान झालं आणि लोकांनी मोठ्या बहुमतानं होय म्हटलं. पैसा शहाणपणानं खर्चला की नाही हा वाद तिथंही आहे. पण विचारलं! आणि सिएटलनं भांडून एक गोष्ट राखली. संघ गेला, पण ‘सॉनिक्स’ हे नाव आणि हिरवा-सोनेरी रंग शहराकडे राहिले. आपल्याकडे रायगडाला जाताना नाव नेलं ते ‘रॉयल्स’, आणि मागं ठेवलं ते सोलापूर, जे मुळात सोलापूरचंच होतं.

त्यात सोलापूरला आपल्या नावाचं मोल कळत नाही असंही नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. भलत्याच गावी विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली तर कायद्यानं हरकत घेता येते. चादरीला जे संरक्षण आहे ते अकरा खेळाडूंच्या संघाला नाही. मावळात खेळलेला संघ सोलापुरी म्हणून खुशाल विकता येतो.

सोलापूरला संघ का द्यावा, याची बाजू मांडायची तर मी विमानतळापासून सुरुवात करणार नाही. तशी त्या बाजूलाही धावाधाव झाली. लीग सुरू झाली त्याच जून महिन्यात, विमानांना आड येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली. शहर दोन तटांत वाटलं गेलं होतं. २०२५ च्या जूनमध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली. पण संघाला लागतं ते विमान नव्हे. बार्शी, माढा, करमाळा, मोहोळ, अक्कलकोट इथल्या माणसाला सकाळी निघून रात्री घरी परतता येईल असं मैदान लागतं. ते पार्क चौकात आहे. २०२४ च्या जानेवारीत तिथं महाराष्ट्र आणि मणिपूर यांचा रणजी सामना झाला. मी नातवाला घेऊन गेलो. दुहीवर दुही धावा निघत होत्या, षटकार फारसे नव्हते, गाणी नव्हती. माझ्या शेजारी एक निवृत्त गिरणी कामगार बसले होते. त्यांनी शेंगा पुढे केल्या आणि म्हणाले, "आपल्या गावात बॉलचा आवाज ऐकायचा म्हणून आलो बघा." टीव्हीवर चेंडूचा आवाज येत नाही असं नाही. पण मला ते काय म्हणतात ते कळलं. नातू कुंपणाच्या जाळीला नाक लावून चार तास उभा होता.

माझी मागणी अगदी कारकुनी आहे. ज्या शहराचं नाव संघाला लावायचं त्या शहरात मोसमातून निदान दोन सामने झाले पाहिजेत, असं करारात लिहा. जमत नसेल तर नाव लावू नका, मालकाच्या मसाल्याचं, सिमेंटचं, कशाचंही लावा. आणि शहर सोडायचं झालं तर एक वर्ष आधी नोटीस द्या. भाडेकरू खोली सोडताना महिन्याची देतो, संघानं वर्षाची द्यायला काय हरकत आहे?

यंदा उन्हाळ्यात गावातल्या पोरांनी टेनिस बॉलच्या स्पर्धा ठेवल्या. हिशेबाला म्हणून मला खजिनदार केलं, कारण बँकेतला माणूस. ओसरीवर टेबल मांडून मी प्रवेश फीच्या पावत्या फाडत होतो. वाड्यावस्त्यांवरचे संघ येत होते, कुणी मुंबई, कुणी चेन्नई, एक नुसताच ‘वाघ’. शेवटी नातू आपली टोळी घेऊन आला. फीच्या नोटा चुरगळलेल्या, मोजून बरोबर.

"संघाचं नाव?"

"सोलापूर रॉयल्स."

"अरे, तो संघ आता नाही. दोन वर्षं झाली जाऊन."

"म्हणूनच की आबा," तो म्हणाला, "नाव मोकळंच आहे ना?"

मी पावतीवर नाव लिहिलं, तारीख घातली आणि खाली सहीसाठी त्याच्यापुढे पेन धरलं.